शिवेबाहेरच्या पाच जणांविषयी माझं मत

१२ जानेवारी १९६४, मुंबई

गोदीत परदेशी बोट लागली आहे, तिचा गंज आम्ही खरवडतो. आज खलाशांच्या खोलीतला कचरा उचलताना चित्रांचं एक पुस्तक हाताला लागलं. मुकादम म्हणाला, फेकून दे. मी सदऱ्याच्या आत फेकलं.

सगळं इंग्रजीत आहे. मी चौथी पास, तीही मराठी. पण चित्रं काय कुणी इंग्रजीत काढत नाही. पानावर चौकोन पाडलेत, एका चौकोनातून दुसऱ्यात गोष्ट सरकते. संध्याकाळी चाळीच्या जिन्यात बसून सगळं पाहिलं. पहिल्याच चौकोनात अख्खा गाव एका पोराला दगड मारतोय. पोराच्या अंगावर माशासारखी खवलं. मग एक पोरगी, ती ओरडली की काचा फुटतात, तिलाही दगड. एक अंधारात चकाकतो. एक पाण्यावरून चालतो. पाचव्याचं काय ते मला कळलं नाही, तो नुसता उभा असतो. पाचांनाही शिवेबाहेर काढलंय.

माझं डोकं असं तापलं की पान फाटलं असतं. आमच्यावर कुणी पुस्तक काढेल असं मला वाटलं नव्हतं.

जिन्यात बसलो कारण खोलीत माझी जागा दाराजवळ, आणि दाराजवळ उजेड नाही. आधी खिडकीजवळ होती. ही खोली आमच्या गावाची आहे, गावातून कामाला आलेले सगळे इथे राहतात. गेल्या श्रावणात गावाने आमचं घर वाळीत टाकलं. म्हणजे घरात कुणी यायचं नाही, न्हावी नाही, लावणीला माणूस नाही, शिमग्यात देवाचं निशाण दारात येणार नाही. गावाने तिकडे टाकलं तर इथल्या मंडळाने इथे टाकलं. मंडळाचे अध्यक्ष हरिश्चंद्रभाई म्हणाले, "लवू, तू ऱ्हव खोलयेत, आमी काय राक्षस नाय. पण जेवान भायर." माझी ट्रंक गॅलरीत गेली. खुंटीवरचा माझा सदरा दुसऱ्याच दिवशी ट्रंकेवर होता, खुंटीवर दुसऱ्याचा.

आणि हे सगळं कुणामुळे? काशीबायमुळे. काशीबाय गावची सुईण. वरच्या वाडीत दोन बाळंतिणी लागोपाठ गेल्या. गावाने देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात, उजवी पडली की हो. विचारलं, काशी चेटूक करते काय? उजवी पडली. तिचं खोपट मोडलं. झालं, संपलं असतं. पण माझ्या बापाशीने, गंगारामाने, तिला उचलून आमच्या मांगरात, शेतातल्या गुरांच्या खोपीत, आणून ठेवलं. ती आमची कोण? कोणी नाही. त्याला कुणी सांगितलं होतं?

२० जानेवारी

गुरुदासने पुस्तक वाचून दाखवलं. गुरुदास मॅट्रिक, ऑफिसात कारकून, मंडळाच्या हस्तलिखित अंकाचा संपादक. तो माझ्याशी बोलतो. म्हणतो, मी वाळीत-बिळीत मानत नाही. माझ्याबरोबर जेवत मात्र नाही, तेव्हा त्याचं पोट बिघडलेलं असतं.

नाव त्याने ‘शिवेबाहेरचे पाच’ असं काहीसं सांगितलं. पहिलाच अंक आहे म्हणे, दर महिन्याला निघणार. वाचल्यावर कळलं की मी गोष्ट उलटी समजलो होतो. शेवटी एक दाढीवाला समुद्र हाताने उचलून गावावर टाकायला येतो. मला वाटलं हा त्या पाचांचा मोठा भाऊ, दगडांचा बदला घ्यायला आला. गुरुदास म्हणाला, "नाही रे, तो दुष्ट. हे पाच त्याला अडवतात आणि गाव वाचवतात."

"खंयचो गाव?"

"तोच. दगड मारणारा."

"कित्याक?"

"कित्याक म्हणजे? ते नायक आहेत."

मी पुस्तक त्याच्या हातातून ओढून घेतलं. दाढीवाल्याच्या पाठीवर वण दाखवलेत. चित्रकाराने एवढे जपून काढलेत की एक एक मोजता येईल. त्यालाही लहानपणी मारलंच ना? गुरुदासला दाखवलं तर म्हणाला, "तुका एकच गोष्ट वाचूक येता लवू, तुझी." तो चिडला की संपादकाची भाषा सोडतो.

२ फेब्रुवारी

गुरुदास म्हणाला, त्या पुस्तकाचं परीक्षण लिही, आपल्या अंकात टाकू. म्हटलं, परीक्षण म्हणजे? म्हणे, पुस्तक कसं आहे त्याबद्दल आपलं मत. खोलीतले दोघे हसले. अंकात विनोदी मजकूर कमी पडला असणार. अंक शिमग्याला निघतो, आधी इथे वाचतात, मग गावाला जातो आणि देवळात वाचतात.

हसा म्हणावं. मी लिहिलं. इथे उतरवून ठेवतो:

"चित्रं चांगली, रंग भडक, कागद हलका. पोरगी ओरडते तेव्हा तिच्या तोंडातून पिवळ्या रेघा निघतात, ते बघण्यासारखं आहे. माझी तक्रार दगडांबद्दल आहे. दगड पहिल्या दोन पानांत आहेत. पुढे कुठे गेले? ज्यांनी मारले ते पुढच्या पानांवर टोप्या घालून बाजारात फिरतात. त्यांच्या तोंडावर काहीच दिसत नाही. माझ्या मते चित्रकाराने त्यांचे हात काढायला हवे होते.

"दुसरं, दीपगृहातला लंगडा म्हातारा. तो पाचांना घरात घेतो, जेवू घालतो असं गुरुदास म्हणतो, पण ताट कुठेच दिसत नाही. या म्हाताऱ्याला लोक फार चांगला म्हणतील. मी म्हणत नाही. त्याला बायको नाही, लग्नाची मुलगी नाही, म्हणून परवडतं. असल्या म्हाताऱ्यांच्या भलेपणाचा भार दुसरेच उचलतात.

"तिसरं. गाव वाचल्यावर गावचा मुख्य माणूस येऊन पाचांशी हात मिळवतो, आणि पाचही जण हसतात. हे चित्र पाहून मला थुंकावंसं वाटलं. आधी माफी माग, मग हात पुढे कर. मी तिथे असतो तर समुद्र खाली येऊ दिला असता. लवू गंगाराम."

गुरुदासने वाचलं. हसला नाही. म्हणाला, "अरे, पहिलाच अंक आहे. सगळं एकाच अंकात कसं येईल?"

मी म्हटलं, "दगड पयल्या अंकात येतत. माफी कितव्या अंकात येता ता सांग."

१६ फेब्रुवारी

मंडळाची सभा. गुरुदासने अंक वाचला. कविता झाल्या, देवाची आरती झाली, माझं परीक्षण आलं. पहिल्या दोन ओळींना लोक हसले. मग हसणं थांबलं. हात काढायला हवे होते इथपर्यंत आला तेव्हा खोलीत कुणी हलत नव्हतं.

हरिश्चंद्रभाई म्हणाले, "गुरुदासा, बंद कर. ह्यां बोटीतल्या पुस्तकावर नाय. ह्यां आमच्यावर आसा."

मी म्हटलं, "भाई, देवाशपथ पुस्तकावर लिवलंय. तुमी खंय दीपगृहात ऱ्हवतास?"

"शाणपण नको. टोपी घालून बाजारात फिरणारो कोण तां माका कळता."

त्यांना एवढं का लागलं कोण जाणे. मी त्यांचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. गुरुदासने माझं पान अंकातून काढलं, सगळ्यांसमोर, सुरीने, अगदी सरळ. चांगली पट्टी ठेवून कापलं. मी त्याच्या अंगावर गेलो. दोघांनी धरलं.

सभा उठल्यावर भाईंनी मला गॅलरीत बोलावलं. गावचे मोठे गावकर, बाळा गावकर, त्यांचा निरोप आला आहे. यंदा शिमग्याला निशाण आमच्या दारात आणायला गाव तयार. अट एकच, काशी मांगरातून गेली पाहिजे. बापूस ऐकत नाही. "तू झिल. तूच करूक शकतंस. मथुराचा खारेपाटणचा स्थळ किती दिवस थांबात? ती लोका निशाणाची वाट बघतत."

मथुरा माझी बहीण. स्थळ दुकानदाराचं, मुलगा चांगला आहे. मथुराने त्याला बाजारात पाहिला आहे आणि तेव्हापासून ती पोळ्या करपवते, असं आवशीने, माझ्या आईने, कळवलं होतं.

मी हो म्हटलं. त्या बाईशी माझं काय देणंघेणं? मला राग आहे तो या लोकांचा, पण म्हणून मथुराने का बसून राहायचं? बापाशीला ते कळत नाही. त्याला फक्त चांगलं व्हायचं आहे.

१७ फेब्रुवारी

आज मला खोलीत जेवायला बसवलं. डाळीत मीठ जास्त होतं. गुरुदास शेजारी बसला, पोट बरं होतं त्याचं. मी दोन घासांत उठलो.

२६ मार्च, गाव

एस्टीने नांदगाव तिठ्यावर उतरलो आणि चालत घरी. वाटेत बाया शेणी थापत होत्या, ओळखीच्या. एकीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेणीकडे पाहिलं, जशी मी शेणाहून कमी बघण्यासारखी वस्तू.

घर बघून संताप आला. शाकारणी झाली नाही, पडवीच्या कोपऱ्यात आभाळ दिसतं. बापाशीचे केस मानेवर आले आहेत, न्हावी येत नाही. आये मला पाहून रडली नाही, म्हणाली, "इलंस? मगे सांग तुझ्या बापाशीक. माझ्या तोंडाक फेस इलो."

बापूस म्हणाला, "लवू इलो? जेव आदी."

२७ मार्च

मांगरात गेलो. काशीबाय भात कांडत होती. मला वाटलं होतं तिची बोलती बंद झाली असेल. कसली! "कोण, लवू? कसलो सुकलंस रे! मुंबैत पाणी घालून वाढतत काय तुका?"

मी बोलायला आलेलं बोललो नाही. माझ्या पिशवीत ते पुस्तक होतं, खोलीत ठेवलं असतं तर चुलीत गेलं असतं. तिने ओढून घेतलं. तिला अक्षर येत नाही, पण पानं अशी उलटली जशी पत्रिका बघते. दगडांच्या चित्रावर थांबली नाही. भराभर पुढे. खवल्यांच्या पोराला बघून म्हणाली, "ह्येच्या आवशीक बाळंतपणात त्रास झालो असतलो." मग म्हाताऱ्यावर थांबली.

"ह्यो कोण?"

"ह्येणा त्यांका घरात घेतल्यान."

"बायल नाय ह्येका?"

"नाय."

"मगे ठीक," म्हणाली. "तुझी आवस माका रोज पेज देता आणि रोज गाळी देता. दोनय वेळेवर."

मी पुस्तक परत घेतलं. मग सांगितलंच. म्हटलं, तू आहेस तोवर मथुराचं लग्न नाही. आमच्या घराने तुझं काय खाल्लं होतं म्हणून तू आमचं खातेस? मोठ्याने बोललो. आमचा बैलसुद्धा उठून उभा राहिला. तिने मुसळ खाली ठेवलं नाही, धरूनच राहिली.

"तुझ्या बापाशीक माहीत आसा, तू ह्यां सांगूक इलंस तां?"

"तेका कित्याक सांगाचा?"

"बरा," म्हणाली. "खारेपाटणाक माझी मावसबहीण आसा. थंय जातंय."

झालं. एवढंच तर होतं. कुणी आधी नीट सांगितलंच नव्हतं तिला.

२८ मार्च

मांगर रिकामा. झाडून, सारवून गेली आहे. तांदूळ कांडून सूप भरून ठेवलेत, टरफल वेगळं काढून. होळीची लाकडं तोडायला वाडीतली पोरं चालली होती, मी त्यांच्यात गेलो. कुणी हाकललं नाही. बातमी माझ्या आधी पोचली होती.

बापूस दिवसभर पडवीत बसला. जेवला. माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मला मारलं असतं तर बरं झालं असतं, मी पण बोललो असतो मग. माझ्याकडे बोलायला खूप आहे. त्याने तोंडच उघडलं नाही तर मी कुणावर ओरडू?

३१ मार्च

नीट लिहायचा प्रयत्न करतो. हात अजून तापलेला आहे.

निशाण आलं. ढोल, ताशा, पुढे बाळा गावकर, मागे अख्खी वाडी. आयेने अंगण सारवलं होतं, मथुरा नवं लुगडं नेसली होती, खारेपाटणची दोन माणसं मुद्दाम बघायला आली होती. निशाण अंगणात उभं केलं. आयेने ओटी भरली, ती हसत होती. एवढं हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मग गाऱ्हाणं. गावकर देवाला सांगतो आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. घरच्यांनी तर म्हणायचंच, नाहीतर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही.

"बा देवा म्हाराजा! आज शिमग्याच्या सणाक तुझा निशाण ह्या गंगारामाच्या दारात इला हा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या लेकराच्या हातून काय वाकडावंगाळ झाला असात ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आयेचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ह्या घरात जी पीडा शिरलेली, ती काशी, ती शिवेपलीकडे घालवली हा. ती परत इली तर तिच्या पायात काटो मोडू दे, डोळ्यांत वडस वाढू दे, तिका खंय थारो मिळू नये रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" वाडी गरजली. बापूस हात जोडून उभा होता, तोंड मिटलेलं.

बाळा गावकराने ढोल थांबवला. "गंगारामा, होय म्हण."

बापाशीने जोडलेले हात सोडले.

"अरे, म्हण! एक शब्दाचो प्रश्न. चेडवाचा बघ, मथुराचा."

तेव्हा बापाशीने मान वळवली. गावकराकडे नाही, माझ्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला. "तिका घालवलंस तू. मगे तूच म्हण."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खारेपाटणची माणसं, मथुरा, सगळे. गावकर म्हणाला, "म्हण रे झिला, तुझाय चलात. हुशार आसस तू." आणि त्याने हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मऊ हात. त्या हाताचा मला असा संताप आला की काय सांगू. त्याच हाताने खोपट मोडताना पहिला वासा ओढला होता, आयेने सांगितलं होतं.

मी तोंड उघडलं ते होय म्हणायलाच. देवाशपथ होय म्हणायलाच.

"नाय म्हाराजा," मी बोललो.

कुणाला वाटलं मी चुकलो. गावकर म्हणाला, "काय?"

"नाय म्हाराजा. नाय, नाय, नाय. काटो मोडू दे म्हणतास? ती तुमच्या घराघरातली पोरां काढी. तुमका थारो तिणा दिल्यान, पयलो थारो. हात काढा माझ्या खांद्यावरसून."

पुढचं काही नीट आठवत नाही. निशाण फिरलं. ढोल वाजला नाही, नुसती पावलं वाजली. आयेने ओटीचं सूप जमिनीवर आपटलं. खारेपाटणची माणसं चहा न घेता उठली.

१ एप्रिल

मथुराने मला थोबाडीत मारली. म्हणाली, "तुमी दोघय बाप-झिल मोठे. तुमका देवाक उत्तरां देवची आसत. माका कोणी इचारल्यानी? ती गेली तेवा इचारल्यानी? आता नाय म्हणताना इचारल्यान?" ती रडत नव्हती, हेच वाईट. मग म्हणाली, "आता जा. तिका आण. मोडलाच हा तर पुरा मोडूया. अर्धवट मोडलेला माका नको."

गुरुदासला पोस्टकार्ड टाकून ट्रंक कुणाबरोबर तरी पाठव म्हणून कळवलं. खोलीत आता दाराजवळसुद्धा जागा नाही.

२ एप्रिल

काशीबाय खारेपाटणला नव्हती. मावसबहीण तर नव्हतीच. नांदगाव तिठ्यावर चहाच्या टपरीमागे बसली होती, टपरीवाल्याच्या सुनेचं अंग चोळून देत होती, त्यावर जेवत होती.

"तुका अक्कल नाय," मला बघून म्हणाली. तिच्यापर्यंत सगळं पोचलं होतं. "एक होय म्हणूक काय झाला तुका? माका काय काटो मोडणार होतो? माझ्या पायाची कातडी बघितलंस?"

"चल."

"मथुराचा काय?"

"चल म्हटलंय ना."

तिचं गाठोडं मी घेतलं. तिला पाणंदीने, मागच्या वाटेने यायचं होतं. मी मुद्दाम देवळासमोरून आणली. दुपारची वेळ, सगळे बाहेर होते. कुणी तोंड उघडेल आणि मी एखाद्याचे दात पाडीन म्हणून वाट बघत चाललो. कुणी बोललं नाही. पोरांना आत घेतलं, कवाडं लावली. एवढंच. दगड असते तर बरं झालं असतं, निदान उचलून परत मारता आला असता.

वरच्या वाडीच्या वळणावर कुंपणाआड दुर्गा उभी होती. परवा ढोल ज्याच्या गळ्यात होता त्याची बायको. पोट पुढे. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काशीबाय, परत इलंस?"

"इलंय."

"माका आठवो सरत इलो. पॉर आडवा आसा असा वाटता." घरात बघून म्हणाली, "ह्येंका सांगूक नाय."

मी पुढे झालो. म्हटलं, "तुझ्या घोवाक सांग, ढोल वाजव, पॉर सरळ होयत." दुर्गा मागे सरली. काशीबायने मला कोपराने बाजूला ढकललं, कुंपणावरून हात घातला आणि तिचं पोट दाबून बघितलं. इथे, मग तिथे. तोंडाने काहीतरी पुटपुटत.

"फाटफटी येतंय," तिने सांगितलं. "आज कुशीवर नीज. डाव्या."

घरी येईपर्यंत मी तिच्याशी भांडलो. तिच्या घोवाने ढोल वाजवून तुला शाप दिला आणि तू जातेस? तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काहीच शिकलेलो नाही. "मेल्या, पोराक ढोल कळता?"

तेवढंच. पेज प्यायली आणि मांगरात जाऊन झोपली. आयेने तिला पेजेबरोबर ठरलेल्या गाळी दिल्या, आज दुप्पट.

३ एप्रिल

पहाटे ती निघाली. ओढ्यावरचा साकव, लाकडी पूल, मोडका आहे, आणि तिला अंधारात दिसत नाही, म्हणून कंदील मी धरला. दुर्गाच्या घोवाने दार उघडलं, मला बघून मान खाली घातली आणि तिला आत घेतलं. मला कुणी आत बोलावलं नाही, बोलावलं असतं तरी गेलो नसतो. कुंपणाबाहेर उभा राहिलो. आत तिचा आवाज येत होता, वसवस करत, सगळ्या घराला कामाला लावत: पाणी आण, तेल आण, तू भायर हो. घोव बाहेर आला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने बिडी पुढे केली.

मी घेतली नाही. मी अजून रागावलेलो आहे. पण उजाडलं तरी तिथून हललो नाही, कारण परत जाताना साकवावर तिला हात लागणार होता.